नखाएवढी तिसरी

"एवढ्या बारक्या आम्ही परत पाण्यात सोडायचो. आता कोण सोडतंय?"

मालवणहून बर्फात घालून आणलेल्या तिसऱ्या बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या स्वयंपाकघरात विळीवर उघडताना आत्याचा हात थांबला. करंगळीच्या नखाएवढी शिंपली, आत मांस जेमतेम तांदळाच्या दाण्याइतकं.

तेच डोक्यात घोळतंय. केरळात अष्टमुडी तलावात प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, तिसऱ्या काढणं बंद असतं. जाळ्याचे डोळेही मोठे, म्हणजे पिल्लं निसटतात. नियम ठरवायला त्या काढणारे लोकही बसतात! २०१४ साली तिथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला एमएससीचं, म्हणजे समुद्री जीव टिकतील अशा मासेमारीला प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, मानांकन मिळालं, भारतातलं पहिलं.

खाडीत कमरेभर पाण्यात उभं आयुष्य घालवलेल्या आत्याला मात्र कुणी कधी काही विचारलं नाही. तुमच्या गावच्या खाडीवर विचारतात का हो?