मुदगल समितीसोबत एक रविवार

आज बाहेर पडायचा कंटाळा होता, म्हणून संसदेच्या जुन्या चर्चा उघडून बसलो. वाचता वाचता दुपारचा चहा राहून गेला. (घरच्यांना वाटलं, ऑफिसचंच काहीतरी काम चालू आहे.)

विषय १९५१चा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेतले सदस्य एच. जी. मुदगल. आरोप असा, की बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे आपल्या मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांकडून, पैसे घेऊन त्यांची बाजू सभागृहात मांडायची. जूनमध्ये चौकशी समिती नेमण्याचा प्रस्ताव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला, तोही स्वतःच्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध! टी. टी. कृष्णमाचारी अध्यक्ष, सोबत दुर्गाबाई (पुढच्या दुर्गाबाई देशमुख), प्रा. के. टी. शहा वगैरे, एकूण पाच जण. सप्टेंबरमध्ये हकालपट्टीचा ठराव चर्चेला आला, तेव्हा मुदगलांनी सरळ राजीनामा दिला. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण सभागृहाने ठरावात दुरुस्ती केली आणि नोंदवून ठेवलं की हा माणूस हकालपट्टीच्याच लायकीचा होता, शिवाय राजीनाम्याची भाषा हा सभागृहाचा अवमान आहे. हे मला फार आवडलं. असं निसटू द्यायचं नाही!

मग २००५ आलंच. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल २३ डिसेंबरला एका दिवसात ११ खासदार घरी. त्यातले दोघे आपल्या खानदेशातले, एरंडोल आणि जळगावचे. तेव्हा लोकसभेने चौकशीसाठी नेमलेल्या बन्सल समितीचं काम आठवड्या-दोन आठवड्यांत उरकलं होतं. तेवढी घाई मात्र मला अजून पटत नाही.