हिशोबपट्टीचा प्रोग्राम आणि हातातून निसटणारा फोकस : माझा अनुभव

सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा आणि विनफॉर्म्स हे तिच्यात विंडोज बनवायचं साधन, यांत एका फॉर्मवरून (म्हणजे विंडोवरून) दुसऱ्यावर जायचं असेल तर दोन-तीन ओळी पुरतात, असं जवळजवळ प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात. आधी 'धिस.हाइड' (हा फॉर्म लपवा), मग नव्या फॉर्मचं 'शोडायलॉग' (तो दाखवा आणि बंद होईपर्यंत थांबा), आणि परत आल्यावर 'धिस.शो' (हा पुन्हा दाखवा). या दोन-तीन ओळींवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

प्रोग्राम साधाच होता. जळगाव, चोपडा, अमळनेर भागातल्या आडत दुकानांसाठी हिशोबपट्टी काढायची. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल (उडीद, मूग, मका, जे असेल ते), काट्यावरचं वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाता निव्वळ रक्कम. डेटाबेस, छपाई, अहवाल यांत सांगण्यासारखं काही नाही, ते नेहमीसारखं झालं. अडलं ते फोकसवर, म्हणजे टाइप केलेलं ज्या विंडोत किंवा खान्यात जातं त्यावर. दुकानातल्या संगणकावर भाव बघायला ब्राउझर सतत उघडा, शेजारी काटा जोडलेला, आणि मुनीमजी माऊसला हात न लावता एन्टर दाबत दाबत पट्टी पूर्ण करणारे. पट्टी सेव्ह करून फॉर्म बंद केला की मुख्य फॉर्मऐवजी ब्राउझर पुढे येई आणि पुढच्या शेतकऱ्याचं नाव त्याच्या शोधपट्टीत टाइप होई. "पट्टी कुठे गेली भो?" हा प्रश्न हंगामात फार महाग पडतो, कारण समोर माल घेऊन माणसं उभी असतात.

हे असं का होतं, ते नीट समजून घ्या. शोडायलॉगला ओनर (नवा फॉर्म जिच्यावर उघडतो ती मालक विंडो) दिला नाही तर विनफॉर्म्स त्या क्षणी चालू असलेली आपल्याच प्रोग्रामची विंडो ओनर म्हणून घेतं. पण आपण तर आधीच्या ओळीत तीच लपवलेली असते. म्हणजे नव्या फॉर्मला ओनरच उरत नाही. तो बंद होतो तेव्हा विंडोजला कोणाला तरी पुढे आणावंच लागतं. आपल्या प्रोग्रामची एकही दिसणारी विंडो शिल्लक नसल्याने ते खालच्या थरातली पुढची विंडो उचलतं, आणि ती ब्राउझरची असते. आपली 'शो'ची ओळ त्यानंतर चालते. तोवर ताबा दुसऱ्या प्रोग्रामकडे गेलेला असतो. ओनर म्हणून लपलेला फॉर्म हाताने दिला तरी फरक पडत नाही, कारण लपलेल्या विंडोला विंडोज ताबा देऊ शकत नाही.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. व्हिज्युअल स्टुडिओत एफ5 दाबून चालवलं की बहुतेक वेळा सगळं सुरळीत दिसतं. दुकानात तीच फाइल बिघडते. याला कारण आहे. विंडोज 98 आणि विंडोज 2000 पासून कोणत्याही प्रोग्रामला मनात येईल तेव्हा स्वतःला पुढे आणता येत नाही. 'सेटफोरग्राउंडविंडो' हे फंक्शन काही ठरावीक अटींपैकी एखादी पूर्ण झाली तरच चालतं: प्रोग्राम आधीपासून पुढे असेल, पुढे असलेल्या प्रोग्रामने त्याला सुरू केलं असेल, शेवटची की किंवा क्लिक त्याच्याकडे आली असेल, आणखी अशाच काही. त्या यादीत एक अट अशी आहे की प्रोग्राम डीबगरखाली (चुका शोधायच्या साधनाखाली, एफ5ने चालवला की तसाच) चालत असेल तर त्याला मोकळीक मिळते. म्हणजे तुमच्या टेबलावर तुम्ही जी चाचणी करता, ती या नियमातून सूट मिळालेल्या प्रोग्रामची असते. म्हणून फोकसची कोणतीही चाचणी डीबगरखाली करू नका. रिलीज बिल्ड (गिऱ्हाइकाला द्यायची फाइल) बनवा, फोल्डरमधून डबल-क्लिक करून उघडा, मागे ब्राउझर मोठा करून ठेवा आणि मग फॉर्म उघडून-बंद करून बघा. हे मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पुढचा सगळा वैताग वाचला असता.

यावर जे उपाय सुचवले जातात ते जवळजवळ सगळे चुकीच्या दिशेचे आहेत. एकेक सांगतो, म्हणजे तुम्ही त्यात वेळ घालवणार नाही.

पहिला, रजिस्ट्रीतलं (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातलं) 'फोरग्राउंडलॉकटाइमआउट' शून्य करणं, म्हणजे पुढे येण्यावरच्या त्या बंदीचं कुलूपच काढणं. त्याचं मूळ मूल्य 2,00,000 मिलिसेकंद, म्हणजे 200 सेकंद असतं. ते शून्य केलं की कुलूप फक्त तुमच्यासाठी निघत नाही, त्या वापरकर्त्याच्या प्रत्येक प्रोग्रामसाठी निघतं. मग प्रिंटरच्या ड्रायव्हरपासून अपडेटच्या सूचनेपर्यंत जो तो पुढे घुसतो. गिऱ्हाइकाच्या संगणकावर असं करायचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरा, 'अटॅचथ्रेडइनपुट'. यात तुमच्या थ्रेडची (प्रोग्राममधल्या कामाच्या धाग्याची) आणि समोरच्या प्रोग्रामच्या थ्रेडची इनपुटची रांग एकत्र जोडली जाते. समोरचा प्रोग्राम अडकला की तुमचाही अडकतो. जुना संगणक, कमी मेमरी, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब, अशा ठिकाणी हे हमखास घडतं.

तिसरा, कोडमधून ऑल्ट की दाबल्याचं नाटक करणं. ताबा मिळतो, पण ऑल्टमुळे मेनू जागा होतो आणि मुनीमजींनी टाइप केलेलं पुढचं अक्षर मेनूत जातं.

चौथा सगळ्यात घातक वाटतो, कारण तो चालल्यासारखा दिसतो: 'टॉपमोस्ट' खरं करून लगेच खोटं करणं. फॉर्म डोळ्यांना पुढे दिसतो, कीबोर्ड मात्र मागच्या विंडोकडेच राहू शकतो. वजन टाइप करणाऱ्याची नजर काट्यावर असते, पडद्यावर नसते. आकडे कुठे गेले ते त्याला कळतही नाही.

उपाय जबरदस्तीत नाही, क्रमात आहे. काट्यावर नवा मापाडी बसल्याशिवाय जुना उठत नाही, तेवढंच इथे पाळायचं. आपला फॉर्म पुढे असताना ताबा आपल्याच हातात असतो. त्याच वेळी पुढचा फॉर्म दाखवा, आणि तो आल्यावर जुना लपवा. विंडोजला दुसऱ्या प्रोग्रामकडे बघायची वेळच येऊ देऊ नका.

प्रत्यक्षात याचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे मुख्य फॉर्म लपवूच नका. 'शोडायलॉग'ला कंसात 'धिस' द्या, पट्टीचा फॉर्म मोठा ठेवा, मागचा तसाही झाकला जातो. बंद झाल्यावर ताबा आपोआप ओनरकडे येतो. एकही जास्तीची ओळ लागत नाही. दुसरा मार्ग, लपवणं भागच असेल तर पट्टीच्या फॉर्मच्या 'फॉर्मक्लोजिंग'मध्ये मुख्य फॉर्मचं 'शो' करा, म्हणजे पट्टी अजून पडद्यावर असतानाच तो येतो. मात्र 'ई.कॅन्सल' खरं होऊन बंद होणं रद्द झालं असेल तर ते करू नका, नाहीतर दोन्ही फॉर्म पडद्यावर राहतील. तिसरा मार्ग मी आता नेहमी वापरतो: एकच मुख्य फॉर्म, त्यात एक पॅनेल, आणि प्रत्येक स्क्रीन म्हणजे एक युजरकंट्रोल (फॉर्मच्या आत बसणारा तुकडा). विंडो एकच असल्याने विंडोजच्या नियमाशी संबंधच येत नाही. इथेही क्रम तोच. नवा कंट्रोल पॅनेलमध्ये टाका, त्यातल्या पहिल्या खान्यावर 'सिलेक्ट' करा, मग जुना लपवा. आधी जुना लपवला तर फोकस टॅबच्या क्रमातल्या भलत्याच कंट्रोलवर उडी मारतो आणि त्याचा 'एन्टर' इव्हेंट (खान्यात शिरल्यावर आपोआप चालणारा कोड, एन्टर की नव्हे) नको तेव्हा चालतो. पॅनेल रिकामं करताना 'कंट्रोल्स.क्लिअर' पुरत नाही, ते डिस्पोज करत नाही, म्हणजे कंट्रोलने घेतलेली साधनं सोडत नाही. प्रत्येक जुन्या कंट्रोलवर 'डिस्पोज' करा. एका प्रोसेसला साधारणपणे 10,000 यूझर हँडलची (विंडो आणि कंट्रोल ओळखायच्या क्रमांकांची) मर्यादा असते. दिवसभर पट्ट्या काढल्या की संध्याकाळी प्रोग्राम कोसळण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

हीच गोष्ट शोडायलॉगचीही आहे. 'शो'ने दाखवलेला फॉर्म बंद केला की डिस्पोज होतो, तोच पुन्हा दाखवायला गेलात तर एरर येते. शोडायलॉगने दाखवलेला मात्र फक्त लपतो. तो 'युझिंग'मध्ये ठेवा, म्हणजे काम संपताच डिस्पोज होईल.

मेसेजबॉक्सलाही (प्रश्न किंवा सूचना दाखवणाऱ्या छोट्या विंडोलाही) ओनर द्या. विशेषतः मागच्या थ्रेडवरून ओनरशिवाय दाखवलेला मेसेजबॉक्स मुख्य फॉर्मच्या मागे जाऊ शकतो, आणि मग प्रोग्राम हँग झाला म्हणून फोन येतो. 'पट्टी रद्द करायची का?' असल्या प्रश्नात आधीच निवडलेलं बटण 'नाही' ठेवा. जो माणूस सतत एन्टर दाबतो आहे त्याच्यासमोर अचानक प्रश्न आला तर तो एन्टरनेच उत्तर देणार. विंडोजने ते कुलूप घातलं आहे तेही याच कारणासाठी, आणि माझ्या मते बरोबर घातलं आहे.

काट्याबद्दल. काटा सिरियल पोर्टवर असेल तर 'डेटारिसीव्ह्ड' इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर येतो. तिथून थेट फॉर्म उघडू नका, टेक्स्टबॉक्सला हात लावू नका. 'बिगिनइन्व्होक'ने मुख्य थ्रेडवर या आणि वजन थेट वजनाच्या खान्यात लिहा. फोकस कुठेही असला तरी चालतं. कीबोर्डसारखं टाइप करणारं यंत्र जोडलं असेल तर त्याचे आकडे फोकस जिथे असेल तिथे जातात, म्हणून शक्य तिथे सिरियलच घ्या. वजन स्थिर झालं की फॉर्म आपोआप पुढे यावा, अशी मागणी दुकानदार करतातच. ती नम्रपणे नाकारा. त्याऐवजी कोपऱ्यात एक छोटी विंडो दाखवा जी फोकस घेत नाही. त्यासाठी फॉर्मचं 'शोविदाउटॲक्टिव्हेशन' ओव्हरराइड करून खरं परत करा. पण त्याच फॉर्मची 'टॉपमोस्ट' प्रॉपर्टी वापरू नका, ती असली की हे चालत नाही. वर ठेवायचं असेल तर 'क्रिएटपॅराम्स'मध्ये टॉपमोस्ट आणि नोॲक्टिव्हेट या एक्सटेंडेड स्टाइल जोडा. टास्कबारवरचं बटण लुकलुकवायचं असेल तर 'फ्लॅशविंडोईएक्स' आहे, त्याला परवानगी लागत नाही.

वर एक राहिलं, आणि पैशाच्या दृष्टीने ते सगळ्यात महत्त्वाचं. सेव्हचं बटण टूलस्ट्रिपवर (बटणांच्या पट्टीवर) असेल तर त्यावर क्लिक केल्याने टेक्स्टबॉक्सचा फोकस जात नाही. म्हणजे 'लीव्ह' आणि 'व्हॅलिडेटिंग' (खाना सोडताना चालणारे इव्हेंट) चालत नाहीत, आणि खान्यातला बदल बाइंडिंगमध्ये (खाना आणि नोंद यांच्या जोडणीत) पोचत नाही. शेवटच्या खान्यात भाव बदलून सेव्ह दाबलं तर जुनाच भाव सेव्ह होतो आणि पट्टी चुकीच्या रकमेची निघते. सेव्हच्या पहिल्या ओळीत 'धिस.व्हॅलिडेट', दुसऱ्या ओळीत बाइंडिंगसोर्सचं 'एंडएडिट' हवंच. फंक्शन कीने सेव्ह होत असेल तरी हेच.

फॉर्म उघडताच नावाच्या खान्यात कर्सर हवा असेल तर 'लोड'मध्ये 'फोकस' लिहून उपयोग नाही, कारण फॉर्म तेव्हा दिसतच नसतो. 'ॲक्टिव्हकंट्रोल' प्रॉपर्टी द्या किंवा 'शोन' इव्हेंटमध्ये करा. 'व्हॅलिडेटिंग', 'लीव्ह', 'लॉस्टफोकस' यांच्या आत फोकस हलवू नका, प्रोग्राम अडकू शकतो. हलवायचाच असेल तर 'बिगिनइन्व्होक'ने तो इव्हेंट संपल्यावर हलवा. 'ॲक्टिव्हेटेड'मध्ये मेसेजबॉक्स कधीच नको. तो बंद केला की फॉर्म पुन्हा ॲक्टिव्हेट होतो, पुन्हा मेसेजबॉक्स, आणि हे थांबत नाही.

मराठी टायपिंगसाठीही हेच इव्हेंट लागतात. नावाच्या आणि गावाच्या खान्यात मराठी, आकड्यांच्या खान्यात इंग्रजी कीबोर्ड हवा, म्हणून प्रत्येक खान्याच्या 'एन्टर' इव्हेंटमध्ये 'इनपुटलँग्वेज' बदलतात. पण ऑल्ट-टॅबने ब्राउझरकडे जाऊन परत आलं की त्या खान्याचा 'एन्टर' चालत नाही, फॉर्मचा 'ॲक्टिव्हेटेड' मात्र चालतो. ब्राउझरमध्ये इंग्रजी केलेलं तसंच राहतं. म्हणून भाषा ठरवणारं फंक्शन वेगळं लिहा आणि ते दोन्ही ठिकाणांहून बोलवा, 'ॲक्टिव्हेटेड'मध्ये 'ॲक्टिव्हकंट्रोल' कोणता आहे ते बघून.

लॉगिनचा फॉर्म 'ॲप्लिकेशन.रन'ला (प्रोग्राम सुरू करणाऱ्या ओळीला) देऊन नंतर लपवू नका. मुख्य फॉर्म बंद केला तरी प्रोसेस टास्क मॅनेजरमध्ये जिवंत राहते, कारण मेसेज लूप (प्रोग्राम चालू ठेवणारं चक्र) लॉगिन फॉर्मला बांधलेला असतो. लॉगिन आधी शोडायलॉगने दाखवा, उत्तर ओके आलं तरच मुख्य फॉर्म 'ॲप्लिकेशन.रन'ला द्या. आयकॉनवर दोनदा क्लिक करून दोन प्रती उघडतात, त्यासाठी म्युटेक्स (एक प्रत आधीच चालू आहे हे कळायची खूण) लावा. दुसरी प्रत वापरकर्त्याच्या क्लिकने सुरू झालेली असल्याने पुढे आणायचा हक्क सहसा तिच्याकडे असतो. तिनेच पहिल्या प्रतीची विंडो शोधून, मिनिमाइज असेल तर 'शोविंडो'ने पूर्ववत करून, 'सेटफोरग्राउंडविंडो' बोलवावं आणि स्वतः बंद व्हावं. पहिल्या प्रतीला निरोप पाठवून 'तू पुढे ये' म्हणायचं असेल तर निरोपाआधी 'अलाउसेटफोरग्राउंडविंडो'ने तिला हक्क द्या.

एवढं करूनही एखाद्या दुकानात फोकस जात असेल तर अंदाज बांधत बसू नका. एक टायमर लावा, अर्ध्या सेकंदाला 'गेटफोरग्राउंडविंडो' बोलवा, विंडो बदलली तरच वेळ, शीर्षक आणि प्रोसेसचं नाव टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. शीर्षकासाठी 'गेटविंडोटेक्स्ट', प्रोसेससाठी 'गेटविंडोथ्रेडप्रोसेसआयडी'. ती फाइल एका बाजाराच्या दिवशी चालू ठेवून मागवून घ्या. प्रिंटरची स्थिती दाखवणारी खिडकी असो की अँटीव्हायरसची सूचना, नाव त्यात दिसतं, आणि मग बंद करायची असते ती त्या प्रोग्रामची सेटिंग, तुमचा कोड नाही.