‘घाईत’ म्हणजे ‘रॅश’ नव्हे

साक्षीदार क्रमांक 3, रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या आजी. उलटतपासणीत त्यांनी सांगितलं होतं, ‘टेम्पोवाला घाईत होता. माणूस दिसल्याबरोबर त्याने करकचून ब्रेक दाबला.’

कोर्टाच्या कागदपत्रांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणं हे माझं काम. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते, हायकोर्टात कागद इंग्रजीत लागतात. या खटल्यात टेम्पोचालकाला भारतीय दंड संहितेच्या कलम 279 (बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवणं) आणि 304-अ (तशा कृत्याने कुणाचा मृत्यू घडवणं) खाली शिक्षा झाली होती. पुनरीक्षण अर्जासोबतची, म्हणजे तो निकाल हायकोर्टाने तपासावा म्हणून करायच्या अर्जासोबतची, पानं संध्याकाळपर्यंत हवी होती. ‘घाईत’साठी मी ‘रॅश’ टाइप केलं आणि पुढे गेले.

हाताला तीच सवय लागलेली. अपघाताच्या फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ ही ओळ हमखास असते आणि आम्ही डोळे झाकून ‘रॅश अँड निग्लिजंट’ लिहितो.

मुळाशी ताडून बघताना त्या दोन वाक्यांपाशी अडकले. चालक ‘रॅश’ होता, तर ब्रेक करकचून का दाबला? पंचनाम्यातही डांबरावर टायर घासल्याच्या खुणा होत्या. छातीत धस्स झालं.

कायद्यात ‘रॅश’ म्हणजे नुसती घाई नव्हे. अलाहाबाद हायकोर्टाने 1881 मध्ये इदू बेग खटल्यात सांगितलंय: कृत्य धोक्याचं आहे हे ठाऊक असून, परिणामांची पर्वा न करता ते करणं. सुप्रीम कोर्टाने 1998 मध्ये कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात म्हटलं, की नुसता जास्त वेग म्हणजे बेदरकारपणा किंवा हयगय नव्हे. म्हणजे आजींनी जे म्हटलंच नव्हतं, ते मी त्यांच्या तोंडी घातलं होतं. तेही 304-अ च्या खटल्यात, जिथे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. (आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली ती पाच वर्षांपर्यंत गेलीय.)

आपल्याकडे किती शब्द आहेत! लगबग, घाई, उतावीळपणा, घिसाडघाई, अविचार. लेकराला शाळेत सोडणारी आई घाईत असते, तिला कुणी अविचारी म्हणत नाही. ‘रॅश’ला जवळचा शब्द बेदरकार. तो आजींनी वापरला नव्हता.

वकीलसाहेबांना फोन केला. ‘ताई, गठ्ठा बांधून झालाय. एका शब्दासाठी?’

‘हो साहेब, एका शब्दासाठी.’

ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, ‘पाठवा पान.’

चालक सुटावा म्हणून माझा जीव तुटत नव्हता. गेलेल्या माणसाच्या बायकोची साक्षही मीच भाषांतरित केली होती, आणि तिचं एक वाक्य अजून कानातून जात नाही. पण तिचं वाक्य जसंच्या तसं गेलं, तसंच आजींचंही जायला हवं होतं.

नव्या पानावर ‘इन अ हरी’ लिहिलं. मूळ साक्षीखाली ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ अशी ओळ होती. तिच्याखाली आजींचा अंगठा, शाई थोडी फिसकटलेली. माझ्या पानाखाली ‘खरे भाषांतर’ लिहून मी सही केली.