फ्रीडॉसचा लॅपटॉप: ऑर्डर ते पहिलं बूट

लॅपटॉपच्या माहितीच्या तक्त्यात ऑपरेटिंग सिस्टिमसमोर ‘फ्रीडॉस’ (डॉससारखी एक मोफत सिस्टिम) दिसलं की मशीनबरोबर विंडोजचं लायसन्स नाही, एवढंच समजायचं. विंडोजची प्रॉडक्ट की बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये) दडलेली असेल, ही आशाही नको. विंडोजसह विकलेल्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये ती एमएसडीएम नावाच्या टेबलात असते. इथे ते टेबलच नसतं.

ऑर्डर देण्याआधी मी एकच गोष्ट खोदून विचारली: वाय-फायची चिप कोणती? प्रोसेसर, रॅम सगळे सांगतात, हे कोणी सांगत नाही आणि लिनक्सवाल्यांचं अडतं इथेच. मीडियाटेकची एमटी७९२१ ही चिप लिनक्सच्या कर्नल (गाभा) ५.१२ पासून चालते, रिअलटेकची आरटीएल८८५२एई ५.१६ पासून. डिस्ट्रोचा (लिनक्सच्या तुम्ही निवडलेल्या आवृत्तीचा, उदा. उबुंटू) कर्नल त्याहून जुना असेल तर वाय-फाय दिसतच नाही. तेवढ्यापुरता फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करायचं.

मला विंडोजही हवं होतं. त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, फक्त तो दुसऱ्या कम्प्युटरवर आधीच तयार हवा. आयएसओमधली (विंडोजच्या डाउनलोड केलेल्या इमेज फाइलमधली) इन्स्टॉल डॉट विम ही फाइल बहुतेकदा ४ जीबीच्या वर जाते, पेनड्राइव्हच्या फॅट३२ या फॉरमॅटमध्ये मावत नाही. म्हणून नुसतं कॉपी-पेस्ट न करता रूफस हे बूटेबल पेनड्राइव्ह बनवणारं मोफत सॉफ्टवेअर वापरलं.

खरा वेळ खाल्ला डिस्कने. इन्स्टॉलरमध्ये ड्राइव्हची यादी रिकामी! एसएसडी धडधाकट होती. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी (इंटेलचा स्टोरेज कंट्रोलर) चालू असतं आणि एसएसडी त्या कंट्रोलरच्या आड राहते. एकतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, नाहीतर इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. डाउनलोड केलेली ईएक्सई तशीच ठेवून उपयोग नाही. ती एक्स्ट्रॅक्ट करा, कारण इन्स्टॉलर ड्रायव्हरची आयएनएफ फाइल शोधतो. मी व्हीएमडी बंद केलं. पण हे इन्स्टॉल करण्याआधीच ठरवावं. नंतर सेटिंग फिरवलं तर विंडोज सहसा बूटच होत नाही.

यादी आली, तर डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) असल्याची तक्रार. यूईएफआयमधून (बायोसच्या नव्या रूपातून) विंडोज टाकायचं तर जीपीटी ही नवी पद्धत लागते. त्या डिस्कवर जपण्यासारखं काही नव्हतंच. सगळी पार्टिशन डिलीट करून मोकळी जागा निवडली. जीपीटी इन्स्टॉलरने स्वतःच केलं.

लायसन्स घेताना रिटेल घ्यावं. ते पुढे दुसऱ्या मशीनवर नेता येतं, ओईएम (मशीनबरोबर विकलं जाणारं) लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं.