कॅनव्हासबॅकची पांढरी पाठ छापताना

मेरीलँडमध्ये ससक्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते, तिथे हॅवर डी ग्रेस नावाचं लहानसं गाव आहे. हातांनी कोरलेल्या लाकडी बदकांसाठी ते साऱ्या अमेरिकेत ओळखलं जातं, गावात त्यांचं संग्रहालयही आहे. शिकारी ही बदकं पाण्यावर तरंगत ठेवायचे आणि वरून जाणारा थवा खाली आपलेच सोबती बसलेत असं समजून उतरायचा. इथे त्यांना डिकॉय म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना बदकं पुरवण्यासाठी एकेक शिकारी शेकडो डिकॉय मांडून बसत असे. १९१८च्या कायद्याने रानबदकांची विक्री थांबली. डिकॉय कोरणारे हात मात्र थांबले नाहीत. त्यांतले आर. मॅडिसन मिचेल यांचा पेशा अंत्यसंस्कारांचा होता. त्यातून वेळ काढून ते बदकं घडवत.

मी जलरंगात काम करते. इथे राहायला आल्यापासून या बदकांची चित्रं काढते आहे. गेल्या वर्षी त्यांतल्या एका चित्राच्या संग्राह्य प्रती छापून घ्यायचं ठरवलं. तो सगळा प्रवास लिहून ठेवते आहे, कारण मराठीत याबद्दल मला फारसं काही वाचायला मिळालं नाही.

चित्र कॅनव्हासबॅक जातीच्या नर बदकाचं आहे. तांबूस तपकिरी डोकं, काळी छाती, पांढरी पाठ, आणि कपाळापासून चोचीपर्यंत एकाच उतारात आलेली रेषा. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात लालसरी पाहिली असेल, तर तिचा हा अमेरिकेतला सख्खा भाऊ समजा. डिकॉय गावातल्याच एका वयस्कर गृहस्थांकडचं, त्यांच्या वडिलांनी वापरलेलं. चित्राच्या प्रती विकणार आहे हे सांगून त्यांची परवानगी घेतली. त्यांची अट एकच होती, "छऱ्यांची भोकं बुजवू नका."

या भागातल्या डिकॉयवर पिसं कोरलेली नसतात. गोल पोट, किंचित वर उचललेली शेपटी, बुडाला शिशाचं वजन आणि अंगावर सपाट तेलरंगाचे मोजके पट्टे. वापरातलं डिकॉय गरजेप्रमाणे पुन्हा रंगवलं जायचं. त्यामुळे पाठीवर कुठे वरचा पांढरा, कुठे त्याखालचा पिवळटलेला, तर कुठे उघडं लाकूड दिसतं. मूळ चित्रात ही पाठ मी जवळजवळ न रंगवता सोडली आहे. तिथे जे दिसतं तो कागद आहे.

म्हणूनच छपाईचा खरा प्रश्न कागदाचा होता. अशा छपाईयंत्रात सहसा पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा म्हणजे ज्यावर छापता तो कागद. छापणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा दाखवलेला कागद झगझगीत पांढरा होता. अशा कागदात चमक आणणारी रसायनं असतात, अतिनील प्रकाशात ती निळसर उजळतात आणि काही वर्षांनी त्यांचा असर ओसरतो. त्यावर माझं बदक काल दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं. मग शंभर टक्के सुती, रसायनं नसलेला, जरा उबदार झाक असलेला कागद घेतला आणि पाठ जुनी दिसू लागली.

पण त्या कागदाला चकाकी नसते, आणि अशा कागदावर काळा कधीच चकचकीत कागदाइतका गडद उतरत नाही. छाती राखाडी पडली. चकचकीत कागदावर जावं, तर काळा मिळतो पण जुन्या रंगाचा कोरडेपणा जातो. इथे आम्ही बराच वेळ अडकलो. शेवटी बाईंनी काळ्याला हातच लावला नाही. छातीला लागून असलेली पाण्याची सावली त्यांनी थोडी उजळ केली. शेजार उजळल्यावर तोच काळा खोल वाटायला लागला. रंगवताना हे मी नेहमी करते, पण छपाईतही ते चालतं हे त्यांच्याकडून शिकले.

त्याआधीची पायरी मूळ चित्राची प्रतिमा घेण्याची. सपाट स्कॅनरवर जलरंगाच्या कागदाचा खरखरीतपणा चुकीच्या सावल्या टाकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे लावून कॅमेऱ्याने फोटो काढला. पहिल्या फोटोत रंगपट्टी ठेवली होती, पुढची सगळी जुळवाजुळव तिच्यावरून झाली. डोक्याच्या तांबूस रंगाने फार छळलं. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली तो नारिंगी दिसे, खिडकीपाशी बरोबर. कोणत्या उजेडात बघून पास करायचं हे आधी ठरवून घ्या, नाहीतर वाद संपत नाही. आम्ही दिवसाच्या उजेडासारखा, ५००० केल्विनचा दिवा धरला आणि शेवटचा नमुना तेवढा घरी नेऊन पाहिला.

आकाराबद्दल मी हट्ट धरला. डिकॉय जेवढं आहे तेवढंच छापायचं. मोठ्या प्रती जास्त किमतीला जातात असं मला पुष्कळांनी सांगितलं. असेलही. पण ही वस्तू माणसाने हातात धरून, दोरी बांधून पाण्यात सोडलेली आहे. भिंतीवरही ती हातात मावेल अशीच दिसली पाहिजे.

प्रत्येक प्रतीवर चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलने सही आणि क्रमांक घातला. प्रती ठरल्या तेवढ्याच छापल्या, पुन्हा छापणार नाही. छापल्यावर लगेच काचेआड घालू नका. शाई पूर्ण सुकली नसेल तर काचेवर आतून धूसर थर धरतो. काच आणि कागद यांच्यात माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, आणि चित्र थेट उन्हात टांगू नये. पहिली प्रत त्या गृहस्थांना दिली. त्यांनी चष्मा लावून छऱ्यांची भोकं मोजली. सगळी होती.

आता त्यांच्याकडचंच मादीचं डिकॉय रंगवते आहे. तिची पाठ राखाडी-तपकिरी असल्यामुळे कागद पुन्हा नव्याने निवडावा लागेल. बाईंकडून नमुने मागवले आहेत.