बारा दहाचं ऊन

आमच्या सोसायटीत खाली उघड्यावर ऊन बारा दहाला येतं. बी विंगच्या टाकीमागून डोकावतं, पोडियमवरच्या बाकावर जेमतेम अर्धा तास टेकतं आणि सी विंगमागे गडप. घोडबंदर रोडला राहायचं तर थंडीत एवढंच वाट्याला येतं.

या उन्हाचा नाद लागला तो रिपोर्टमुळे. ड जीवनसत्त्व ११. वीसच्या खाली गेलं की कमतरता. मी म्हटलं, "अहो, रोज सकाळी खिडकीत उन्हातच पेपर वाचते की!" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काच बंद असते?" असते. रस्त्याची धूळ कोण खाणार? तर म्हणे काचेतून ऊब येते, पण त्वचेत ड तयार करणारे अतिनील-ब किरण काचेलाच अडतात. म्हणजे तीन वर्षं मी नुसती शेकत होते! आणि सकाळचं कोवळं ऊनही या कामाला लेचंपेचंच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ना, तेव्हाचं खरं. हातापायांवर दहा-पंधरा मिनिटं, सावळ्या कातडीला थोडं जास्त. भाजून घ्यायचं नाही. वर साठ हजार युनिटची पुडी, आठवड्याला एक, दुधातून.

नौपाड्यातल्या चाळीच्या गच्चीवर हे सगळं फुकट होतं. मे महिन्यात आजी जुन्या लुगड्यावर कुरडया घालायची आणि कावळे हाकायला मला बसवायची. कुरडई अर्धवट वाळली की वरून कुरकुरीत, आत अजून चिकाची ओल. कडेची एक हळूच सोडवायची. तिच्या पाठीवर लुगड्याची वीण उमटलेली असायची. त्या जागी दुसरी सरकवून ठेवायची, म्हणजे मोजणीत सापडत नाही. (सापडायची.) खालून काकू ओरडायची, "अगं कार्टे, काळी ठिक्कर पडशील! कोण करेल तुला?"

केली एकाने. पण तोवर छत्री, स्कार्फ, कोपरापर्यंतचे हातमोजे असा सगळा सरंजाम अंगवळणी पडला होता. स्कूटरवर नुसते डोळे दिसायचे.

काल बाकावर गेले तर डी विंगमधले आजोबा आधीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेले. "पुडी चालू आहे का?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते सरकले.

समोरच्या प्लॉटवर क्रेन उभी राहिली आहे. अठरा मजले झालेत, अजून चढवतायत. पुढच्या थंडीचं पुढच्या थंडीत बघू.