दहावीच्या वर्गात गोडसे भटजी

कथा-कादंबऱ्यांपलीकडे काय वाचावं, हे सांगायला आज एका शाळेत गेलो होतो. ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र सगळ्यांना नावाने तरी माहीत, म्हणून गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’च काढला. पेणकडच्या वरसईचा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेत जातो, नेमका बंडात सापडतो, झाशीचा वेढा आतून बघतो, लुटला जातो आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी परततो! मागच्या बाकावरून लगेच प्रश्न, “सर, मग पैसे किती उरले?”

इतिहासाच्या बाईंनी नाव टिपून घेतलं. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं वर्गात मोठ्याने वाचावीच लागतील. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राला तीही अडचण नाही, त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे किस्से ऐकून पोरं खिदळतात.